आगलाव्याचं वकीलपत्र

शेजारचे वकीलसाहेब घर जाळल्याचा आरोप असलेल्याचं वकीलपत्र घेतात हे कळल्यापासून मी त्यांच्याकडून काडेपेटीसुद्धा उसनी आणत नसे. शेवटी एकदा विचारलंच, "अहो, जन्मठेपेपर्यंत शिक्षा असलेला गुन्हा! असल्या माणसाची बाजू घेववते तरी कशी?"

"आग त्यानेच लावली हे कुणी सांगितलं?"

"सगळेच म्हणतात."

"टेक्सासातही म्हणत होते. १९९१ साली विलिंगहॅमच्या घराला आग लागून त्याच्या तीन मुली गेल्या. खिडकीची काच जाळीसारखी तडकलेली पाहून तपासनीस म्हणाले, यानेच काहीतरी ओतून पेटवलंय. अहो, तापल्या काचेवर बंबाचं पाणी पडलं की ती तशीच तडकते! एका तज्ज्ञाने वेळेवर लिहूनही दिलं. तरी २००४ साली त्याला मृत्युदंड दिलाच."

मी चहात बिस्किट बुडवलं. ते बुडालंच.

लहानपणी गावी आमची कडब्याची गंजी जळाली, तेव्हा 'गड्याच्या पोराकडे विडी होती' असं मीच सांगितलं होतं. पोराला झाडाला बांधून मारलं. विडी होती, हे खरं. पण ती पेटलेली होती की कानावर खोचलेली, हे मला कुणी विचारलंच नाही.