वैद्याचे ताट

रोग्यास पथ्य सांगणाऱ्याने ते आधी स्वतः पाळून पाहावे, असे आमचे मत आहे. म्हणून दूधतूप, मांस, मैदा व साखर वर्ज्य करून धान्य, कडधान्य, भाज्या व फळे यांवरच राहून पाहणाऱ्या डॉक्टरांविषयी आम्हांस आदर वाटतो. परंतु मंगरूळपीरच्या दवाखान्यात त्यांच्यासमोर बसलेल्या मजूरबाईचे काय? ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, अंबाडीची भाजी! तिचे ताट केव्हाचेच वनस्पतिमय आहे. आणि ते व्रत नव्हे, निरुपाय आहे.

गांधीजींनी १९१२ साली दूध सोडले. १९१८ साली जडलेल्या दुखण्यात शेळीचे दूध घेतले. व्रताचा शब्द राहिला, मर्म सुटले, ही टोचणी त्यांनी आत्मकथेत लपविली नाही. उलट दुधाच्या तोडीचा वनस्पतिज पदार्थ सुचविण्याची विनंती त्यांनी वैद्य-डॉक्टरांस केली. पुढे १९४८ साली ब-१२ जीवनसत्त्व शुद्ध रूपात हाती आले. ते वनस्पतींतून भरवशाने मिळत नाही. प्रयोग करणारे डॉक्टर ती उणीव गोळीने भरून काढतात. त्या बाईस मात्र चहापुरते मिळणारे दूधही सोडावयास सांगावे काय? आम्ही तर म्हणू, आधी तिचे रक्त तपासावे.