गाडी बंद, म्हणून विमाही बंद?

फोटो पाहिले, चिरंजीव. कामशेतच्या गॅरेजात आजोबांची 1973 ची फियाट ठोकळ्यांवर चढवलेली, चारी चाकं उतरवलेली, इंजिन चेनब्लॉकला लटकलेलं, दरवाजे भिंतीला टेकवलेले. फ्लोअरचा सडका पत्रा कापून नवा जोडलाय, तो जोड मी फोटो मोठा करून पाहिला. स्वच्छ आहे. म्हणजे हात चांगला आहे. डोक्याचं काय? कारण फोटोंखाली तू लिहिलंयस, 'सर, पाच लाख गेले, अजून तीन जातील. विमा तेवढा बंद केला. गाडी फिरतच नाही तर कशाला भरायचा?' आणि वर एक हसरा चेहरा. तो आधी पुस, मग पुढचं वाच. मधेच फोन करून 'पण सर' म्हणायचं नाही.

हे तुझ्या डोक्यात कुठून आलं ते मला ठाऊक आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम 146 म्हणतं की सार्वजनिक ठिकाणी गाडी वापरायची तर तृतीय पक्षाचा विमा हवा. नसला तर कलम 196 खाली पहिल्या वेळी 2,000 रुपये दंड, 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. ठोकळ्यांवर उभ्या गाडीसाठी कुणी तुला दंड करणार नाही, बरोबर. वाहतूक पोलीस पावतीपुस्तक घेऊन शेडमध्ये शिरणार नाही. पण विमा म्हणजे पोलिसाला दाखवायचा कागद, एवढीच समज असेल तर इतकी वर्षं गाड्यांमध्ये घालवून शिकलास काय? तृतीय पक्षाचा भाग रस्त्यावरच्या परक्या माणसासाठी असतो. तुझ्या आठ लाखांची राखण करणारा भाग वेगळा, त्याला ओन डॅमेज म्हणतात. उभी गाडी कुणाला धडकत नाही, कबूल. पण ती जळते, चोरीला जाते, तिच्यावर छप्पर कोसळतं.

राहतोस कुठे, याचा तरी विचार करायचास. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ कोकणावर आदळून घाट चढून आलं, तेव्हा मावळातल्या फुलशेतीची पॉलिहाऊस भुईसपाट झाली, घरांचे पत्रे उडाले. तुझ्या त्या गॅरेजचं छप्परही पत्र्याचंच आहे, फोटोत दिसतंय. सीट, डॅशबोर्ड, क्रोमचे बंपर, मीटर हे सगळं तू मळवलीच्या बंगल्यात ठेवलंयस, तेही तळमजल्यावर. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि इंद्रायणी फुगली की ते पाणी कुठे येतं हे मळवलीच्या माणसाला मी सांगायचं? जुलै 2024 मध्ये तिथल्या बंगल्यांत अडकलेल्या पर्यटकांना शिवदुर्ग मित्र या बचाव पथकाच्या पोरांनी बाहेर काढलं. माणसं काढली. तुझा डॅशबोर्ड काढायला कोण येणार आहे?

तिसऱ्या फोटोवर तर मला बोलायलाच हवं. गॅस वेल्डिंगचा बर्नर, हातभर अंतरावर थिनरचा डबा, आणि पेट्रोलची टाकी अजून गाडीतच. वर्कशॉपमध्ये पहिल्याच आठवड्यात मी काय सांगितलं होतं? रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा घातक, कारण आत वाफ कोंडलेली असते. टाकी आजच्या आज उतरव. पॉलिसी असती तरी ही हयगय तुला नडली असती. गाडीची वाजवी काळजी मालकाने घ्यायची, ही अट प्रत्येक पॉलिसीत छापलेली असते. पण ते नंतर. आधी त्या डेंटरचा जीव.

आता तुला माहीतच नसलेली गोष्ट. बंद गाडीचा विचार विमेवाल्यांनी केव्हाच करून ठेवलाय. 2002 च्या इंडिया मोटर टॅरिफमध्ये, म्हणजे जुन्या दरपुस्तकात, आयएमटी 11 या क्रमांकाची पुरवणी आहे. गाडी किमान सलग 2 महिने गॅरेजात बंद राहणार असेल तर कंपनीला लेखी कळवायचं. तेवढ्या काळापुरती रस्त्यावरची जबाबदारी स्थगित होते. आग, स्फोट, वीज, घरफोडी, चोरी, दंगल, वादळ, पूर, भूकंप यांचं संरक्षण मात्र चालू राहतं. बदल्यात पुढच्या नूतनीकरणात काही रक्कम वळती होते, नाहीतर पॉलिसीची मुदत वाढते. नुसती आग आणि चोरी एवढ्यापुरती पॉलिसी बंद गाडीला देण्याची सोयही त्याच पुस्तकात होती. 2007 पासून ओन डॅमेजचे दर ठरवायला कंपन्या मोकळ्या झाल्या, तरी पॉलिसीतली वाक्यं बरीचशी तिथलीच आहेत. म्हणजे तुला जे चार पैसे वाचवायचे होते ते वाचलेच असते आणि गाडीही उघडी पडली नसती. एजंटाने सांगितलं नाही म्हणशील. तू विचारलंस? आणि एक लक्षात ठेव : नेहमीच्या पॉलिसीत दरड कोसळण्याचा धोका वेगळा नमूद असतो, या बंद गाडीच्या यादीत तो दिसत नाही. गॅरेजच्या मागे डोंगर आहे ना? मग त्याचं काय, ते कंपनीकडून लिहून घ्यायचं.

तू मात्र दिवाळीत पॉलिसी संपू दिलीस आणि त्यानंतर गाडी खोलायला घेतलीस. उलटा क्रम. 90 दिवस उलटले, म्हणजे नो क्लेम बोनस गेला. त्याचं मला फारसं दुःख नाही. पण खंड पडलेल्या गाडीचा विमा उतरवण्याआधी कंपनी पाहणीला माणूस पाठवते. तो येऊन काय पाहणार, रंग खरवडलेला सांगाडा? चासी नंबरची पट्टी तरी जागेवर आहे का? पेन्सिलने छाप उठली नाही तर तो गाडी ओळखणार कशी? पत्रेवाले लांबी आणि प्रायमर मारताना तो नंबर सर्रास बुजवून टाकतात. उद्याच जाऊन बघ.

आणि सुट्या भागांचं काय? मोटारीची पॉलिसी गाडीला आणि गाडीवर बसवलेल्या साहित्याला असते. रॅकवर ठेवलेला कार्बोरेटर आणि मळवलीच्या खोलीतले बंपर गाडीवर बसवलेले नाहीत. त्यावर वाद होतो, आणि तो वाद तू हरशील. तांब्यापितळेच्या जुन्या रेडिएटरला भंगारात काय भाव येतो हे तुझ्या गॅरेजातल्या पोऱ्यालाही माहीत आहे. 'बंगल्याचा विमा आहे ना' असंही तू म्हणाला होतास. 2021 पासून घरांसाठी चालू झालेली भारत गृह रक्षा पॉलिसी काढून वाच. वाहनं त्यातून वगळलेली आहेत, स्पष्ट नोंद करून घेतली असेल तरच गोष्ट वेगळी. तेव्हा सुट्या भागांची यादी कर, प्रत्येकाचा फोटो काढ, किंमत लिही आणि आग व घरफोडीच्या पॉलिसीत दोन्ही पत्त्यांसकट नाव घालून घे. बंपर तोवर वरच्या मजल्यावर ने.

गॅरेजवाला भला माणूस आहे, मान्य. पण भलेपणा म्हणजे विमा नव्हे. त्याच्या आगीच्या पॉलिसीत दुसऱ्याचा माल सांभाळायला घेतल्याची नोंद आहे का? नसेल तर त्याची यंत्रं भरून निघतील, तुझी गाडी नाही. 1872 च्या करार कायद्याने त्याने शहाण्या माणसाइतकी काळजी घ्यायची आहे. ती घेऊनही नुकसान झालं तर जबाबदारी त्याची नाही, हेही त्याच कायद्यात आहे. मजुरी थकली तर गाडी अडवून ठेवायचा हक्कही त्याला आहे. त्याच्याकडून काही लिहून घेतलंस? जॉबकार्ड? तारीख टाकलेली पावती? पाच लाख रुपये नुसत्या 'बघतो हां दादा' वर दिलेस.

किमतीचंही तसंच. मागच्या पॉलिसीवर जाहीर किंमत चाळीस हजार. एवढ्याच रकमेवर सही का केलीस? प्रीमियम कमी बसतो म्हणून. घसाऱ्याचा ठरलेला तक्ता 5 वर्षांपर्यंतच्या गाडीला लागतो. त्याहून जुन्या गाडीची किंमत कंपनी आणि मालक यांनी आपसांत ठरवायची असते. म्हणजे बोलायची संधी होती आणि तू गप्प बसलास. गाडी समूळ जळाली असती तर चाळीस हजारच मिळाले असते आणि कंपनीचं काहीच चुकलं नसतं. मूल्यांकन करणाऱ्याकडून अहवाल घे, बिलं लाव, कामाच्या प्रत्येक टप्प्यानंतर किंमत वाढवून घे. दुरुस्तीच्या दाव्यातही घसारा गाडीच्या वयावर कापतात : 10 वर्षांवरच्या गाडीच्या धातूच्या भागांना 50 टक्के, रबर-प्लॅस्टिकला 50 टक्के. तू काल बसवलेला पत्राही त्यांच्या हिशेबी 1973 चा. झिरो डेपची, म्हणजे घसारा न कापणाऱ्या पुरवणीची, आशा सोड, इतक्या जुन्या गाडीला ती सहसा कुणी देत नाही.

'व्हिंटेज आहे, सवलत मिळेल' असं तू कुठेतरी ऐकलंयस. अर्धवट ऐकलंयस. जुन्या दरपुस्तकात व्हिंटेज म्हणजे 1940 अखेरच्या आधी बनलेली आणि व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाने प्रमाणित केलेली गाडी. तिलाच आधी ठरवलेली पूर्ण किंमत घसारा न कापता देण्याची मुभा होती. तुझी फियाट त्यात बसत नाही. केंद्र सरकारने जुलै 2021 मध्ये केलेला नियम वेगळा आहे. त्यात 50 वर्षांवरची, मूळ रूपात ठेवलेली गाडी व्हिंटेज. त्यात तुझी बसते. नव्याने नोंदणाऱ्याला व्हीए मालिकेचा नंबर मिळतो, आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, म्हणजे आजोबांचा नंबर जाणार नाही. अशा नोंदणीच्या गाडीला 1 जून 2022 पासून तृतीय पक्षाच्या प्रीमियममध्ये 50 टक्के सूट आहे. तुझ्या 1089 सीसीच्या गाडीला 2022 च्या दराने 3,416 च्या जागी 1,708 रुपये. एवढ्या रकमेसाठी तू आठ लाख उघड्यावर टाकलेस!

पण मूळ रूपात म्हणजे मूळ रूपात. चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल चालत नाही. डिझेल इंजिन बसवायचं जे खूळ तुझ्या मित्राने तुझ्या डोक्यात भरलंय ते काढून टाक. आणि ही गाडी रोज फिरवायची किंवा धंद्याला लावायची नसते. प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणं, देखभाल एवढ्याचसाठी ती रस्त्यावर आणायची. पवना धरणाच्या काठी प्री-वेडिंगवाल्यांना भाड्याने देऊन पैसे वसूल करायचा जो बेत तू आखलायस, तो या नोंदणीत बसत नाही आणि खासगी गाडीच्या पॉलिसीतही बसत नाही. भाड्याच्या दिवशी काही झालं तर दावा मागायला जाऊच नकोस.

आता सगळ्यात मोठी चूक, आणि तिला माफी नाही. आरसी अजून आजोबांच्या नावावर आहे. आजोबा जाऊन किती वर्षं झाली? मालक वारला की पॉलिसी फार तर 3 महिने चालते, किंवा तिची मुदत आधी संपत असेल तर तोवरच. तेवढ्यात वारसाने पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यायची. आरटीओला 30 दिवसांत कळवायचं आणि 3 महिन्यांत फॉर्म 31 भरून मालकी बदलायची. तू काय केलंस? वर्षानुवर्षं वारलेल्या माणसाच्या नावाने प्रीमियम भरलास. म्हणजे पॉलिसी चालू होती तेव्हाही तुझ्या हातात काही नव्हतं. नोंदणीचं 15 वर्षांनंतरचं नूतनीकरण तरी वेळेवर झालंय का? 30 सप्टेंबर 2021 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वाच, युनायटेड इंडिया इन्शुरन्सच्या खटल्यातला. नवी बोलेरो, पॉलिसी चालू, पण तात्पुरती नोंदणी संपलेली. जोधपूरला गेस्ट हाऊसबाहेरून गाडी चोरीला गेली आणि चोरीचा दावा मालकाला मिळाला नाही. तो माणूस नोंदणीविना गाडी रस्त्यावर घेऊन गेला होता, तुझी ठोकळ्यांवर आहे, हा फरक मला कळतो. तो फरक न्यायालयात मांडण्यात पुढची दहा वर्षं घालवायची हौस असेल तर मांड.

गंज आणि उंदीर यांची नावं मी घेतली नाहीत, कारण त्यांचे पैसे मागणं व्यर्थ आहे. झीज विम्यात येत नाही, गंज झीजच धरतात. पावसाळ्यात त्या उघड्या पत्र्यावर प्रायमर चढवून ठेवणं हे तुझंच काम.

बोलायचं होतं ते बोललो. टाकी आज उतरव, बंपर उद्या वर ने, गॅरेजवाल्याकडून भागांच्या यादीवर सही घे. आजोबांच्या मृत्यूचा दाखला, जुनं आरसी बुक, काकांची आणि आत्याची ना-हरकत आणि चासी नंबरची पेन्सिल छाप घेऊन सोमवारी सकाळी घरी ये. पिंपरी-चिंचवडच्या आरटीओत मी बरोबर येईन. कागद अपुरे असतील तर येऊ नकोस.