शांततेचा हिशेब

शहरातले खून कमी झाले, की तिथे शांतता नांदू लागली असे म्हणायचे का? कोलंबियातील मेदेयीन शहराबद्दल वाचताना हा प्रश्न मला सतावतो. १९९१ मध्ये तिथे दर लाख वस्तीमागे सुमारे ३८० खून झाले. पुढे २००४ मध्ये डोंगरावरच्या गरीब वस्त्यांना मेट्रोशी जोडणारी केबल कार आली, ग्रंथालये उभी राहिली, २०११ मध्ये कोमुना १३ या भागात सरकते जिने बसले. उपेक्षितांना शहरात सामावून घेणे हाही सुरक्षेचाच भाग, हे तिथे दिसले. खून कितीतरी घटले.

पण त्याच कोमुना १३ मध्ये ऑक्टोबर २००२ मध्ये लष्कराने मोठी कारवाई केली होती. बंडखोर हटले, त्यांच्या जागी निमलष्करी टोळ्यांनी जम बसवला आणि अनेकजण बेपत्ता झाले. आमची माणसे जवळच्या राडारोड्याखाली पुरली आहेत, असे बायका वर्षानुवर्षे सांगत राहिल्या. डिसेंबर २०२४ मध्ये तिथे मानवी अवशेष सापडले.

माझा व्यवसाय आकड्यांचा. पण आलेख खाली आला म्हणून त्या आयांचा प्रश्न मिटत नाही. सुरक्षितता सर्वांनाच हवी. मात्र आपल्याला निर्धास्त झोप लागावी म्हणून कोणाचा मुलगा हरवला असेल, तर त्याचा शोध घेणे ही झोपणाऱ्यांचीच जबाबदारी आहे.