सहवासाचे अंतर

गुरू शिष्याला काही देतो, की शिष्यात मुळातच असलेले फक्त उघड करतो? एक पक्ष सारे श्रेय कृपेला देतो, दुसरा साधकाच्या तयारीला. दोघेही एक गोष्ट मात्र न तपासताच धरून चालतात: प्रकाश कुणातरी एकाच्याच मालकीचा असला पाहिजे. बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगावात गजानन महाराजांची समाधी आहे आणि त्यांच्याच नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालयही 1983 पासून आहे. अशा गावाच्या साक्षीने हे गृहीतक भौतिकशास्त्राच्या कसोटीवर घासून पाहायला हरकत नाही.

प्रकाश शोषून पुन्हा स्वतः उजळणारे रेणू असतात. हे उजळणे म्हणजे निव्वळ त्यांचा अंगचा गुण, असा समज होता. उत्सर्जनाचा वेग भोवतालावरही ठरतो, हे एडवर्ड पर्सेल यांनी 1946 साली मांडले. पुढे कार्ल ड्रेक्सहागे यांनी युरोपियमयुक्त रेणू आरशापासून वेगवेगळ्या अंतरांवर ठेवले, तेव्हा त्यांचा उजळण्याचा काळ अंतरानुसार बदललेला दिसला. सोन्याचांदीच्या नॅनोकणांजवळ हा परिणाम आणखी ठळक होतो. कणातले मुक्त इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या तालावर हेलकावू लागतात, कणालगतचे प्रकाशक्षेत्र तीव्र होते, शेजारचा रेणू अधिक वेळा उत्तेजित होतो आणि अधिक वेगाने प्रकाश सोडतो. कण ऊर्जा निर्माण करत नाही; रेणूही एकटा असता तर इतका उजळला नसता. ज्याची बहुतेक ऊर्जा एरवी वाया जाते, अशा मंद रेणूला या शेजाराचा लाभ सर्वाधिक होतो. यातला प्रकाश कुणाचा किती, अशी वाटणी करताच येत नाही.

मग जितके जवळ तितके चांगले? तसेही नाही. सोन्याचा एक कण आणि एकच रेणू घेऊन 2006 साली झालेल्या प्रयोगांत अंतर घटत गेले तशी चमक वाढली. पण ते काही नॅनोमीटरवर येताच ती झपाट्याने मावळली. रेणूची ऊर्जा धातूतच शिरून उष्णता होऊन गेली. गुरुशिष्यांच्या बाबतीतही असेच सुचवणारी पितांबराची कथा दासगणूंच्या ‘श्रीगजाननविजय’ ग्रंथात आहे. महाराजांनी या शिष्याला शेगावातून निघून जायला सांगितले, आणि कोंडोलीला त्याच्या हाकेवर वठलेल्या आंब्याला पालवी फुटली. चमत्कार मानावा की न मानावा, कथेचा रोख स्पष्ट आहे: शिष्याचे तेज प्रकटले ते गुरूपासून दूर गेल्यावर.

यावर वेदान्ती म्हणेल, आत्मा स्वयंप्रकाश आहे. त्याला शेजाराची गरज काय? आक्षेप रास्त आहे. ते चैतन्य आणि प्रयोगशाळेतला उजेड एक नव्हेत, आणि नॅनोकणांवरून आत्म्याविषयी काहीच सिद्ध होत नाही. पण इथे प्रश्न आत्म्याच्या स्वरूपाचा नसून साधकाच्या जगण्यात ते किती उतरते, याचा आहे. दुसरा आक्षेप असा की रेणूला श्रद्धा नसते, निवडही नसते. खरे आहे, म्हणूनच माणसाची जबाबदारी वाढते. रेणू अंतर निवडू शकत नाही, भक्त निवडू शकतो. तेव्हा सत्संगाची पारख सान्निध्य किती यावर करू नये. त्या सहवासात माणसाची बुद्धी आणि कर्तृत्व उजळते, की सारी शक्ती गुरूच्याच महिम्यात जिरून जाते, हे पाहावे. दुसरे घडत असेल, तर दूर होणे हा गुरुद्रोह ठरत नाही.