पट बंद, डोकंही बंद

काय बे, इंजिनशी बरोबरी केली म्हणून स्टेटस टाकलंस? दाखव तो डाव. बाप्पा! पंधराव्या चालीपर्यंत सगळी प्यादी नाकाला नाक लावून उभी. मग हत्ती इकडून तिकडं, तिकडून इकडं. इंजिन कितव्या लेव्हलवर होतं? चौथ्या. ते काऊन नाही लिहिलं स्टेटसवर?

"सर, मशीनला कंटाळा आणला." मशीनला कसला कंटाळा येतो, पोट्ट्या? कंटाळा तुला येतो, चाली मोजायचा.

वर ग्रँडमास्टर नाकामुराचं नाव मला सांगतोस. 2008 साली तीन मिनिटांच्या डावात त्यानं रिबका इंजिनला असंच कोंडलं, 271 चाली. पण पुढं काय झालं, पाहिलंस? 50 चालींत प्यादं हललं नाही, मोहरा मेला नाही, तर बरोबरी मागता येते. रिबका स्वतःला वरचढ समजत होतं, त्याला बरोबरी नको होती. म्हणून त्यानं आपल्याच हातानं आपली तटबंदी फोडली. ते फोडणार, हे नाकामुरानं ओळखलं होतं. अशा खेळ्याला मीही हात जोडतो. तू काय ओळखलं होतंस?

डेव्हिड लेवीनं 1968 मध्ये पैज लावली, दहा वर्षं कोणताही कॉम्प्युटर मला मॅचमध्ये हरवणार नाही. 1978 मध्ये टोरंटोत चेस 4.7 या प्रोग्रामला साडेतीन-दीडनं हरवून ती जिंकली. काही न करता जिंकला, म्हणतात. अरे, कोणतं प्यादं कधी ढकलायचं नाही, हे कळायला आधी बुद्धिबळ यावं लागतं!

आणि कास्पारोव्ह? 1997, डीप ब्लू, तिसरा डाव, पहिलीच चाल डी3. मशीनचं पाठांतर चुकवायला गेला आणि स्वतःच्या ओळखीच्या वाटाही सोडून बसला. तो डाव बरोबरीत, मॅच मशीनची. तो जगज्जेता होता, त्याला परवडलं नाही. तुला परवडेल?

बरं, मशीनचं सोड. परवाच्या स्पर्धेत समोर सातवीतली पोरगी होती. तिच्यापुढंही तोच कुलूपबंद डाव! तिनं एक प्यादं दिलं, एच पट्टी उघडली आणि तुझ्या राजाला गाठलं. संध्याकाळी सामुदायिक प्रार्थनेत डोळे मिटतोस ते ठीक. पटापुढं काऊन मिटतोस?

आपल्याच भागातल्या नागपूरची दिव्या देशमुख 2025 मध्ये बातुमीत कोनेरू हम्पीला हरवून महिला विश्वचषक घेऊन आली. वय 19. तिच्यासारखे आजचे ग्रँडमास्टर इंजिनपासून तोंड लपवत नाहीत. डाव संपला की त्यालाच विचारतात, माझं कुठं चुकलं? तू विचारलंस कधी? उत्तर ऐकायची भीती वाटते ना?

तुला येत नसतं तर मी तोंड वाजवलंच नसतं. मागच्या महिन्यात सहा चालींतली मात मोहऱ्याला हात न लावता सांगितली होतीस. सगळ्यांआधी. म्हणून तर जीव जळतो.

आज प्रार्थना झाली की पट घेऊन ये. फोन घरी ठेव. पांढरी तुझी, पहिली चाल ई4, आणि बाराव्या चालीच्या आत मधलं प्यादं फोडायचं. हरशील. कुठं हरलास ते वहीत लिहायचं, मला दाखवायचं, अन् मगच जेवायला जायचं.