थोरल्या भावाची तक्रार

23 एप्रिल 2013 या दिवशी डॉर्टमुंड शहर उठलं तेच एका बातमीनं. बोरुसिया डॉर्टमुंड या फुटबॉल क्लबचा मारिओ गोट्झे बायर्न म्युनिककडे चालला होता. त्याच्या करारात 3 कोटी 70 लाख युरोंचं एक कलम होतं. तेवढी रक्कम कुणी मोजली तर क्लबला त्याला अडवता येणार नव्हतं, आणि बायर्ननं ती मोजली. गोट्झे वीस वर्षांचा होता आणि 2001 सालापासून, म्हणजे शाळकरी वयापासून, याच क्लबच्या पोरांमध्ये वाढला होता. दुसऱ्याच दिवशी चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत रेआल माद्रिदशी गाठ होती. तो सामना डॉर्टमुंडनं 4-1 असा जिंकला, लेवांडोव्स्कीनं चारही गोल मारले; पण शहरात त्या आठवड्यात एकच नाव ऐकू येत होतं, आणि ते गोट्झेचं नव्हतं. ते होतं ज्यूडास.

मी तेव्हा इथं नवीन होते. आमच्या जिन्यात वरच्या मजल्यावर एक आजोबा राहतात. आयुष्यभर पोलादाच्या भट्टीवर काम केलेला माणूस. त्या संध्याकाळी त्यांनी इस्त्री मागितली, त्यांची बिघडली होती. इस्त्री परत आणायला गेले तर स्वयंपाकघराच्या टेबलावर नातवाचा पिवळा शर्ट पालथा पसरलेला. पाठीवरची चिकटवलेली अक्षरं आजोबा इस्त्रीनं तापवून सुरीच्या टोकानं एकेक उचकटत होते. आधी 10 हा आकडा गेला, मग नाव. अक्षरं निघाली, पण त्यांच्या जागी कापड जास्त पिवळं, न विटलेलं राहिलं होतं आणि नाव पहिल्यापेक्षा ठळक वाचता येत होतं. आजोबांनी ते पाहिलं, सुरी धुतली आणि म्हणाले, “पैशासाठी गेला.” बाकी काही नाही.

मी कोल्हापूरची, त्यातही शिवाजी पेठेतली. फुटबॉलवरून घराघरांत अबोला धरणं मला नवं नाही. शाहू स्टेडियमवर शिवाजी तरुण मंडळ आणि पाटाकडील तालमीचा सामना असला की आमच्या गल्लीत त्या दिवशी कुणी लग्नाची बोलणीसुद्धा ठेवत नसे. हंगामाच्या सुरुवातीला खेळाडूंची नोंदणी व्हायची आणि पेठेतलं एखादं पोरगं दुसऱ्या तालमीत गेलं, की त्याच्या आईला भाजी घ्यायला वाट वाकडी करून जावं लागायचं. त्यामुळे आजोबांचा राग मला कळला. मात्र त्यांच्या तोंडचं ते एक वाक्य पटेना, आणि का पटत नाही याचा विचार मी तेव्हापासून करते आहे. प्रश्न असा: माझी एखाद्यावर निष्ठा असेल, तर त्यानं माझ्याशी निष्ठा राखणं हे माझं घेणं होतं का?

या प्रश्नाला मी धार्मिक म्हणते ते अलंकार म्हणून नाही. बोरुसिया डॉर्टमुंडचा जन्मच एका चर्चच्या सावलीत झाला. बोर्सिगप्लाट्झ चौकाजवळच्या पवित्र त्रैक्याच्या कॅथलिक चर्चमधली तरुण मंडळी फुटबॉलच्या नादी लागली. त्यांच्यावर देखरेख करणारे धर्मगुरू डेवाल्ड यांना हा खेळ रानटी वाटायचा. 19 डिसेंबर 1909 ला, रविवारी, ही पोरं ‘त्सुम विल्डश्युत्झ’ नावाच्या दारूच्या गुत्त्यात जमली आणि त्यांनी स्वतःचा क्लब काढला. म्हणजे ज्या क्लबला सोडून जाणाऱ्याला आज ज्यूडास म्हणतात, तो क्लबच मुळात सोडून निघालेल्यांनी स्थापन केला! आज त्याच चर्चमध्ये क्लबचे चाहते अभिमानानं जातात. दक्षिणेच्या स्टँडवर, ज्यूडट्रिब्यूनेवर, पंचवीस हजारांच्या आसपास माणसं नव्वद मिनिटं उभी असतात. मी तिथं उभी राहिले आहे. आषाढीच्या दिवशी चंद्रभागेच्या वाळवंटात असते तशीच ती गर्दी: पुढच्याच्या खांद्यापलीकडे धड काही दिसत नाही आणि त्याचं कुणाला दुःखही नसतं.

ज्यूडासचं नाव मात्र इथं बसत नाही. चांदीच्या तीस नाण्यांसाठी त्यानं गुरूला, येशूला, पकडून दिलं. गोट्झेनं कुणाला पकडून दिलं? करार कागदावर होता, कलमाखाली क्लबचीच सही होती, रक्कम क्लबच्याच खात्यात आली. उरतो तो पैशाचा आरोप. तो तरी कुणी करायचा? हाच क्लब 2000 साली शेअर बाजारात उतरला. असं करणारा तो जर्मनीतला पहिला क्लब. 2005 मध्ये कर्जापायी दिवाळं निघायची वेळ आली, तेव्हा स्टेडियमचं नाव एका विमा कंपनीला विकलं. त्या वाईट काळात ज्यांनी वीस लाख युरो उसने दिले, ते बायर्न म्युनिकच होते.

आणि आजोबांच्या भट्टीचं काय झालं? ह्योर्डे भागातला फिनिक्स पोलाद कारखाना बंद पडल्यावर एका चिनी कंपनीनं तो विकत घेतला. जवळपास हजार चिनी कामगार इथं येऊन राहिले, त्यांनी अख्खा कारखाना बोल्टागणिक सुटा केला, खोक्यांत भरला आणि बोटीनं चीनला नेला. त्या जागी आता एक कृत्रिम तळं आहे, भोवती महागडी घरं आहेत. आजोबा तिथं रविवारी फिरायला जातात. भांडवल पैशासाठी गेलं तेव्हा कुणाच्या पाठीवरचं नाव उचकटायचं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. विसाव्या वर्षाच्या पोराचं नाव निदान शर्टावर छापलेलं होतं.

पैशासाठी गेला, हे वाक्य मला लागण्याचं दुसरंही कारण आहे. मीही पैशासाठीच आले. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत एका फाउंड्रीत माझी पहिली नोकरी. राजीनामा दिला तेव्हा मालक खुर्चीतून न उठता म्हणाले, “काय कमी हुतं गं पोरी हितं? घरच्यासारखं ठेवलं तुला.” घरच्यासारखं ठेवलं होतं हे खरंच. दिवाळीला त्यांच्या घरून फराळाचा डबा यायचा. पण घरच्यासारखं ठेवण्यात पगारवाढ विचारायची सोय नसते, हेही तितकंच खरं. ज्यांना ‘आपली माणसं’ म्हणून बांधलं जातं त्यांना हिशेब मागायची लाज वाटावी, अशी ती रचना असते. मालकांचा डाव होता असं नाही. त्यांना मनापासून वाईट वाटलं होतं. पण वाईट वाटणं वेगळं आणि फसवणूक होणं वेगळं. शिरोलीत आणि डॉर्टमुंडात, दोन्हीकडे लोक पहिल्याला दुसऱ्याचं नाव देतात.

राहणं म्हणजे निष्ठा आणि जाणं म्हणजे लोभ, ही वाटणी आपल्या महाभारताला तरी मान्य नाही. युद्धाच्या सकाळी युधिष्ठिर आशीर्वाद मागायला जातो, तेव्हा भीष्म स्वच्छ सांगतात की कौरवांच्या अर्थानं मी बांधला गेलो आहे. म्हणजे ते राहिले तेही पैशामुळेच! आणि भर रणांगणात धृतराष्ट्राचाच मुलगा युयुत्सु कौरवांची बाजू सोडून पांडवांकडे येतो. त्याला व्यासांनी गद्दार ठरवलेलं नाही. कोण कुठं थांबला यावरून त्याचं मन ओळखता येत नाही.

आणि प्रश्न माणसांपुरताही राहत नाही. आपला देवसुद्धा एकदा गेला होता. संतचरित्रं सांगतात की कृष्णदेवरायानं पंढरीची विठ्ठलमूर्ती विजयनगरला नेली. हंपीचं विठ्ठल मंदिर, तो दगडी रथ आजही लोक बघायला जातात. वैभवात काही कमी नव्हतं. इकडे पंढरपुरात विटेवर कुणी नाही. तेव्हा पैठणचे भानुदास, एकनाथांचे पणजोबा, विजयनगरला गेले. देवानं गळ्यातला रत्नहार त्यांना दिला, त्यावरून चोरीचा आळ आला, सुळाची शिक्षा झाली आणि सुळालाच पालवी फुटली, अशी कथा आहे. शेवटी भानुदास देवाला घेऊन परतले.

लहानपणी कीर्तनात ही कथा ऐकताना पालवीचं नवल वाटायचं. आता वेगळ्याच गोष्टीचं वाटतं. श्रीमंत राजाच्या घरी गेलेल्या देवाला संतकवी ऐश्वर्याला भुलला म्हणत नाहीत. देवाशी भांडायला वारकरी कमी नाहीत. नामदेवांपासून जनाबाईंपर्यंत सगळ्यांनी त्याला वाट्टेल ते सुनावलं आहे. ते भांडण मात्र ये म्हणून असतं. मी इतकी वर्षं वारी केली, त्याची भरपाई दे, असं त्यात नसतं. वारी ही वारकऱ्याची स्वतःची असते. तिची पावती देवाच्या नावानं फाडलेली नसते.

यावर कुणी म्हणेल, मग राहणाऱ्याची काही किंमतच नाही का? आहे, आणि ती या शहरानं पाहिली. मार्को रॉइस डॉर्टमुंडचाच. मोठे क्लब मागे असताना तो बारा हंगाम इथं राहिला, लीगचं विजेतेपद त्याच्या हाती एकदाही आलं नाही. 27 मे 2023 ला ते हातात आलेलं होतं आणि माइन्झशी 2-2 अशी बरोबरी होऊन निसटलं. 18 मे 2024 ला घरच्या मैदानावरच्या शेवटच्या सामन्यात त्यानं ऐंशी हजारांवर प्रेक्षकांना स्वतःच्या खिशातून बिअर पाजली. आजोबांनी तो प्लॅस्टिकचा पेला धुऊन कपाटात ठेवला आहे. पण हा रॉइस 2012 मध्ये आला कुठून? बोरुसिया म्योन्शनग्लाडबाखकडून, एक कोटी सत्तर लाखांच्या वर युरो मोजून. एका गावाचा निष्ठावंत हा दुसऱ्या गावाचा सोडून गेलेला असतो, हे ग्लाडबाखच्या लोकांना विचारावं. उलटंही घडतं. गेल्झनकिर्शेनमध्ये जन्मलेला, शाल्क क्लबच्या अंगाखांद्यावर वाढलेला गोलरक्षक मॅन्युएल नॉयर 2011 मध्ये बायर्नकडे यायच्या बेतात होता, तेव्हा त्याला नको म्हणणारे फलक म्युनिकच्याच कट्टर चाहत्यांनी धरले. दुसऱ्या पंथातून आलेल्यावर मठाचा विश्वास बसत नाही.

रॉइसच्या राहण्याला किंमत आली, कारण त्याला जाता येत होतं. 15 डिसेंबर 1995 ला युरोपीय न्यायालयानं बोस्मन खटल्यात निकाल दिला, की करार संपलेला खेळाडू युरोपीय संघातल्या कुठल्याही क्लबात मोबदल्याविना जाऊ शकतो. त्याआधी करार संपला तरी क्लब खेळाडूला पैशासाठी अडवून धरू शकत असे. दार बंद असताना जो आत राहतो त्याला निष्ठावंत म्हणण्यात अर्थ नाही. जाणाऱ्याला शाप देणारा चाहता नकळत ते दार पुन्हा बंद करायला निघतो, आणि मग त्याला हवा असलेला रॉइसही त्याला मिळणार नाही.

गोट्झे 2016 मध्ये परत आला. मधल्या काळात, नोव्हेंबर 2013 मध्ये, याच मैदानावर त्यानं बायर्नकडून गोल केला होता आणि आनंद साजरा केला नव्हता. 13 जुलै 2014 ला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात 113व्या मिनिटाला त्याच्याच गोलानं जर्मनी जगज्जेता झाला. तो गोल झाला तेव्हा आजोबा खुर्चीतून उठून उभे राहिले होते, पण टाळी वाजवली नव्हती. तो परत येणार म्हटल्यावर मात्र स्टँडवरच्या कित्येकांना तो नको होता. तेव्हा मला लूकच्या शुभवर्तमानातला उधळ्या मुलगा आठवला. आपला वाटा घेऊन गेलेला धाकटा परत येतो, बाप धावत जाऊन मिठी मारतो, पंगत घालतो. आणि शेतावरून आलेला थोरला उंबऱ्याबाहेरच थांबतो. इतकी वर्षं राबलो, तुझा शब्द मोडला नाही, मला कधी साधं करडूही मिळालं नाही, अशी त्याची तक्रार असते.

थोरला खोटं बोलत नाही. तो राबला होता, राहिला होता. पण तक्रार करताना त्यानं वर्षं मोजली आणि मोबदला सांगितला. त्या एका वाक्यात त्याचं राहणं मजुरी झालं. डॉर्टमुंडच्या स्टँडवरचा राग तोच आहे. आम्ही पावसात उभे राहिलो, दिवाळखोरीत तिकिटं काढली आणि हा पैसे घेऊन गेला. म्हणजे आमचाही मोबदला ठरलेला होता, फक्त तो युरोत नव्हता. जो दुसऱ्याला पैशासाठी खेळतो म्हणतो, त्यानं स्वतःच्या भक्तीचं खातं एकदा उघडून पाहावं.

एवढ्यानं सगळा राग पुसला जात नाही. एक राग रास्त आहे. जो क्लबच्या बिल्ल्याचं चुंबन घेतो, मी इथंच राहणार असं तोंडानं सांगतो आणि जातो, त्याला जाब विचारावा. त्यानं वचन दिलेलं असतं. 2024 च्या ऑक्टोबरात माइन्झ आणि डॉर्टमुंडचा जुना प्रशिक्षक युर्गन क्लॉप यानं रेड बुल या पेयांच्या कंपनीच्या फुटबॉलमधली मोठी जागा स्वीकारल्याचं जाहीर झालं, तेव्हा दोन्हीकडे लोक कळवळले. मी शोधूनही मला त्याचं मोडलेलं वचन सापडलं नाही. सापडलं ते आपण त्याच्या हसण्यातून, मिठ्यांतून काढलेलं अनुमान. अनुमान चुकलं की दुखतं, खूप दुखतं, आणि रडायची मुभा प्रत्येकाला आहे. पण उभं राहायचं आपण ठरवलं होतं. आपल्या निष्ठेचं बिल दुसऱ्याच्या नावावर फाडू नये.