पास झालेलं तेल

एका रुग्णालयाच्या तळघरातल्या ट्रान्सफॉर्मरमध्ये सोयाबीनपासून बनवलेलं नैसर्गिक एस्टर भरलेलं होतं. मिनरल तेलापेक्षा बरंच महाग. पण तळघराच्या बरोबर वर नवजात बाळांचा कक्ष. इमारत उभी राहतानाच कुणीतरी हा विचार केला होता.

गॅस्केट गळलं आणि 1000 लिटरपैकी 150 लिटर तेल गेलं. ट्रान्सफॉर्मर बंद करून लोड शेजारच्या ट्रान्सफॉर्मरवर टाकला, गॅस्केट बदललं. एस्टरचं पिंप यायला आठवडा लागणार होता. स्टोअरमध्ये मिनरल तेलाचं सीलबंद पिंप मात्र तयार होतं.

तरुण इंजिनिअर डोळे झाकून ओतणाऱ्यांतला नव्हता. दोन्ही तेलं त्याच प्रमाणात काचेच्या बरणीत मिसळून त्याने रात्रभर ठेवली. सकाळी ना थर, ना गढूळपणा. तेल किती विद्युतदाब सोसतं ते मोजणाऱ्या बीडीव्ही किटच्या 2.5 मिलिमीटर फटीत मिश्रणाने 60 किलोव्होल्ट सहज सोसले.

"काका, पास!"

फिल्टरेशनवाले काका बरणी उजेडात धरून म्हणाले, "विजेला पास. आगीला विचारलंत?"

इंजिनिअरला राग आला. बरोबरच होतं; चाचणी काही खोटी नव्हती. तरी त्याने नमुने प्रयोगशाळेत पाठवले. उघड्या कपात तापवल्यावर निव्वळ एस्टरने 350 अंशांच्या आसपास पेट धरला, मिश्रणाने मात्र 300 च्या अलीकडेच. मिनरल तेल 170 च्या आगेमागे पेटतं; शेकडा सातपर्यंत मिसळलं तर ‘सहज न पेटणारं तेल’ म्हणून एस्टरला लागू असलेली 300 ची मर्यादा साधारण टिकते, इथे तर पंधरा होत होतं. दोन्ही तेलं एकजीव झाली होती, पण महागाचं तेल ज्यासाठी घेतलं तेवढंच नेमकं हरवलं होतं.

मिनरल तेलाचं पिंप स्टोअरमध्येच राहिलं. खरेदी विभागाने कुरकुर केली, "मिसळतात ना दोन्ही?" इंजिनिअरने उत्तरादाखल त्यांना वरच्या मजल्याचा नकाशा दाखवला.

आठवड्याने एस्टर आलं. काका फिल्टर मशीन घेऊन दारात उभे राहिले, तसा इंजिनिअरने हात आडवा केला.

"याआधी हे कुठल्या तेलावर चाललं?"

"मिनरलवर," काका हसले. "टाकी, होसपाइप, सगळं एस्टरने फ्लश करावं लागेल. त्याचं बिल वेगळं."

"लावा," म्हणत त्याने घासाघीस न करता सही केली.